आजी-आजोबांच्या घरचा नाताळ टिपून ठेवायचा कसा?

"आजी, तुझ्या लहानपणी नाताळ कसा असायचा गं?" असं विचारून बघा. "कसा असणार? साधाच होता, पण मजा होती," एवढं बोलून ती गप्प होईल. आता तिच्यासमोर मळलेल्या पिठाची परात आणि एक नवा कंगवा ठेवा. पहिला कलकल, म्हणजे कंगव्यावर वळून तळायचा नाताळचा गोड पदार्थ, वळून होईपर्यंत ती तिच्या आईबद्दल बोलायला लागलेली असेल. दहाव्या कलकलाला साखर रेशनवर मिळायची ते दिवस निघतील, आणि परात रिकामी होईस्तोवर तुम्हाला माहीत नसलेली दोन लग्नं, एक भांडण आणि एक जुनी विहीर कळलेली असेल.

या लेखातली प्रत्येक पायरी यावरूनच सुचलेली आहे. नाताळच्या आठवणी गोळा करायच्या असतील तर नुसती मुलाखत घेऊ नका, आजी-आजोबांबरोबर काम करा. आमच्या वसईत पापडी, गास, नंदाखाल, आगाशी अशा कुठल्याही गावात, किंवा गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत, नगरच्या ख्रिस्ती वस्त्यांत आजी-आजोबांच्या घरी नाताळ म्हणजे आधी काम होतं. पोरांनाही त्यातून सुटका नसायची, आणि खरी गंमत त्यातच होती. कामात हात गुंतले की तोंड मोकळं होतं.

सुरुवात नोव्हेंबरातच करा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. तिथून नाताळपर्यंत साधारण चार आठवडे मिळतात आणि ते सगळे लागतात. २४ डिसेंबरला आजीसमोर फोन धरून बसलात तर ती वैतागेल, आणि तिचं बरोबरच असेल. त्या दिवशी घरात कुणालाही बोलायला फुरसत नसते.

माझं गणित असं आहे. पहिल्या आठवड्यात फक्त गप्पा, दुसऱ्यात गोठ्याची (येशूजन्माच्या देखाव्याची) तयारी आणि फोटो, तिसऱ्यात फराळ. चौथा आठवडा मोकळा ठेवा, कारण काहीतरी राहतंच. आजी-आजोबांना आधी स्पष्ट सांगा की आपण हे रेकॉर्ड करणार आहोत, आणि ते कोण कोण ऐकणार आहे. घरातल्या काही गोष्टी त्यांना नातवाला सांगायच्या असतात, पण सुनेच्या माहेरी जायला नको असतात. "हे ठेवू नको" असं ते म्हणाले तर तेवढा भाग त्यांच्यासमोरच काढून टाका. असं एकदा केलंत की पुढचं सगळं ते विश्वासाने सांगतात.

आधी स्वतःची आठवण कागदावर

आजीकडे जाण्याआधी एक वही घ्या आणि तुम्हाला आठवतं तसं तिचं घर काढा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. ओटी कुठे, चूल कुठे, गोठा कुठल्या कोपऱ्यात मांडायचे, नाताळचा कागदी तारा कुठल्या झाडाला टांगायचे, रात्री पाहुणे कुठे झोपायचे, एवढं दाखवा. मग प्रत्येक जागेसमोर मनात येईल ते लिहा. वास आधी लिहा, कारण तोच सगळ्यात लवकर आठवतो आणि लिहिला नाही तर सगळ्यात आधी विसरला जातो: पेंढ्याचा, तापलेल्या तेलाचा, नव्या कापडाचा, आजोबांच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा.

हा नकाशा नंतर आजोबांसमोर ठेवा. "इथे विहीर नव्हती, तिकडे होती," असं म्हणून ते तुमच्या हातातलं पेन घेतील. मग त्यांना थांबवू नका. वसईच्या वाडीत राहिलेला माणूस एकदा विहीर दाखवायला लागला की रहाट येतो, रहाटाचा बैल येतो, केळी आणि पानवेल येते. सणाच्या तोंडावर मुंबईच्या बाजारात माल गेला तरच घरात नवे कपडे शिवले जायचे, हेही मग बोलता बोलता निघतं. ज्या नाताळची तुम्हाला फक्त गोडी आठवते, त्याचा पैसा कुठून यायचा हे असं कळतं.

प्रश्न कसे विचारायचे

"कसं वाटायचं?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर "छान वाटायचं" असंच येतं. वस्तू, वेळ, पैसा आणि माणूस यांच्याबद्दल विचारा. कपडा कुठून आणायचा? शिंपी घरी यायचा की त्याच्याकडे जावं लागायचं? सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातलं कापड असायचं का? चर्चला जाताना कंदील कोणाच्या हातात असायचा? परत आल्यावर पहिला घास कशाचा?

काही प्रश्न इतिहासाला धरून विचारले तर फार मोठं दार उघडतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या कॅथलिक आजी-आजोबांनी लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये ऐकली आहे. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. "पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा काय वाटलं?" हा एकच असा प्रश्न आहे जिथे "काय वाटलं" विचारलेलं चालतं. काहींना आनंद झाला होता, काहींना आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं. दोन्ही उत्तरं तशीच ठेवा.

उपासाबद्दलही विचारा. जुन्या नियमाप्रमाणे २४ डिसेंबर हा उपवासाचा आणि मांस वर्ज्य असण्याचा दिवस होता. कम्युनियनआधी (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याआधी) मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, हा नियम १९५७ मध्ये तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आला. त्यामुळे मिस्सेनंतरच्या जेवणाला आजीच्या लहानपणी जी चव होती ती आपल्याला फक्त ऐकूनच कळू शकते. दिवसभर चुलीजवळ घुटमळणारी, शिजणाऱ्या इंदियालचा (मांसाच्या मसालेदार रश्श्याचा) वास घेत रात्रीची वाट बघणारी पोरं डोळ्यांसमोर आणा.

गोव्याच्या घरांत १९६१ सालचा नाताळ नक्की विचारा. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या सहा दिवसांत नाताळ आला. त्या रात्री चर्चला गेलात का, बाजारात काय मिळत होतं, घरात मोठी माणसं काय बोलत होती? हे आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आणि त्यापुढच्या वयाची आहेत.

नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत प्रश्न थोडे बदलतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ पासूनचं. त्या घरांत पेटी, तबला, झांजा घेऊन रात्री घरोघर फिरणारी गाणारी मंडळी, अभंग-ओवीच्या चालीवरची भक्तिगीतं आणि दिवाळीसारखाच करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ, याबद्दल विचारा. चाल आठवत असेल तर गायला सांगा. शब्द चुकले तरी चालतील, चाल महत्त्वाची.

सांगताना आजी आणि आजोबा यांचं जुळणार नाही. आजी म्हणेल बैलगाडीने गेलो, आजोबा म्हणतील चालत. तिथे पंच होऊ नका. दोघांचंही राहू द्या, आणि शक्य असेल तर एकदा दोघांना वेगवेगळं बसवा. एक जण बोलका असला की दुसऱ्याची आठवण ऐकायचीच राहून जाते.

आणि एक. नाताळ म्हटला की गेलेली माणसं आठवतात. बोलता बोलता आजीचा आवाज बसला तर पुढचा प्रश्न टाकू नका. रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, तिच्याजवळ बसून राहा. तिला बोलायचं असेल तर ती स्वतःहून बोलेल. त्या दिवशी काम तिथेच थांबलं तरी हरकत नाही.

रेकॉर्डिंग

यासाठी महागडं काही लागत नाही. साधा फोन पुरतो. तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत फोन वाजतो. पंखा बंद करा, कारण पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये कानाला वाटते त्यापेक्षा मोठी येते. फोन टेबलावर थेट न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे तुम्ही स्वतः मोठ्याने सांगा. पंचेचाळीस मिनिटं झाली की थांबा, वयस्कर माणूस दमतो आणि दमलेलं सांगत नाही.

बोलणं त्यांच्या बोलीत होऊ द्या. घरात सामवेदी म्हणजे कादोडी बोलत असतील तर कादोडी, वाडवळी असेल तर वाडवळी, कोकणी असेल तर कोकणी. नातवंडांना समजावं म्हणून आजी शुद्ध मराठीत शिरली की तिच्या गोष्टीतला अर्धा जीव जातो. मराठीत लिहून काढायचं काम नंतर तुम्ही करा. लिहितानाही भांड्यांची, पदार्थांची, नात्यांची नावं तिच्याच तोंडची ठेवा.

स्वयंपाकघर: मूठ ग्रॅममध्ये कशी आणायची

ही पायरी मला सगळ्यात जिवाभावाची वाटते आणि सगळ्यात जास्त घरांत हीच राहून जाते. आजीची पाककृती विचारली की "मैदा घ्यायचा, अंदाजाने नारळाचं दूध, मऊ मळायचं" असं मिळतं. हा अंदाज तिच्या हातात पन्नास-साठ वर्षं मुरलेला असतो. तो शब्दांत सांगणं तिला शक्य नसतं, म्हणून तो तुम्हाला मोजून घ्यावा लागतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणा. आजीला वाटी, कप, चमचा काही देऊ नका, तिला तिच्या सवयीने करू द्या. तुम्ही फक्त डबे तोला. मैद्याचा डबा काम सुरू होण्याआधी तोलायचा आणि झाल्यावर तोलायचा. फरक तेवढा मैदा. साखरेचं, तुपाचं, नारळाच्या दुधाच्या पातेल्याचं तसंच. तिची एक मूठ पीठ वेगळी तोलून वहीत लिहून ठेवा, "आजीची मूठ = अमुक ग्रॅम". पुढे कधी तिने फोनवर "दोन मुठी घाल" म्हटलं तर तो आकडा कामाला येतो.

तुलनेसाठी हाताशी एक साधं प्रमाण असावं म्हणून कलकलचं देते. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम तूप, २ अंडी, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं घट्ट दूध साधारण १०० ते १२५ मिली, तेही थोडं थोडं घालत. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. बोराएवढी गोळी करून कंगव्याच्या दातांवर किंवा जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर दाबून पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. जोड नीट दाबली नाही तर कलकल तेलात उलगडतो. मध्यम आचेवर, एका वेळी थोडेच तळायचे. वरून साखरेचा पाक चढवायचा की नाही हे प्रत्येक घराचं वेगळं. तुमच्या आजीचं प्रमाण याहून निराळं निघालं तर तेच खरं धरा.

फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, मात्र असे कागदावर मावत नाहीत, तिथे व्हिडिओच लागतो. वसई-मुंबईच्या जुन्या घरांत फुग्यांचं पीठ ताडीवर आंबवायचे. आता बहुतेक जण यीस्ट वापरतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून केलेलं ते सैल पीठ हाताने इतकं फेटायचं की खांदा भरून येतो. मग ते फुगून वर येईपर्यंत झाकून ठेवायचं. तळताना आजी हात पाण्यात बुडवते, मुठीत पीठ घेते, आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यातून त्याचा गोळा वर काढते. ओल्या बोटाने तो सोडवून तेलात टाकते. तेल पुरेसं असेल तर फुगा स्वतःहून कूस बदलतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं.

कॅमेरा समोरून धरू नका. समोरून फक्त मुठीची पाठ दिसते. बाजूने, हाताच्या उंचीवर धरा म्हणजे बेचक्यातून पीठ वर येताना दिसेल. एकदा नेहमीच्या वेगाने घ्या, एकदा स्लो मोशनमध्ये. पिठाचाही व्हिडिओ घ्या: मळल्यावर लगेच, आणि फुगून झाल्यावर हाताने उचलून खाली पडताना. "मऊ" आणि "सैल" म्हणजे नक्की किती, हे त्या पडण्यावरून कळतं. मग तुम्ही स्वतः करा आणि आजीला बघू द्या. "असं नाही, अंगठा आत," असं ती म्हणेल. अख्ख्या पाककृतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच असतं, त्यामुळे फोन तेव्हाही चालू असू द्या.

भांडीही टिपा. लोखंडी कढई, नेवऱ्या (करंज्या) कापायचं कातणं, दोदोल (नारळाच्या दुधाची गोड वडी) ढवळायचा लांब दांड्याचा लाकडी सराटा. यांचे फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, आणि त्या वस्तू कोणाकडून आल्या ते लिहा. बाटली मसाल्याचं (बाटलीत भरून ठेवायच्या घरच्या मसाल्याचं) प्रमाण आजीकडे कागदावर असेल तर त्या कागदाचा फोटो आज, आत्ता काढा. तेलकट झालेला कागद फार काळ टिकत नाही.

गोठा आणि तारा

गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्यो गावी १२२३ मध्ये केलेल्या देखाव्याशी जोडली जाते. आपल्याकडे ती आजोबांच्या हाती आली आणि भाताच्या पेंढ्यात, शेतातल्या मातीत रुजली. भात कापून झालेलं असायचं, त्यामुळे पेंढा घरचाच. हिरवळीसाठी करवंटीत किंवा पसरट ताटलीत ओली माती घालून गहू नाहीतर नाचणी पेरायची. नाताळच्या दहा ते बारा दिवस आधी पेरली तर २४ तारखेला बोटभर कोंभ उभे राहतात. हे काम पोरांचं असायचं. सकाळी उठून आधी कोंभ बघायचे, ही धावपळ ज्यांनी केली त्यांना ती वेगळी आठवून द्यावी लागत नाही. आज तुमच्या मुलांना हेच काम द्या आणि पणजोबांना देखरेखीला बसवा.

ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, सुतळी आणि मैद्याची खळ लागते. सारख्या मापाच्या पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून टोकं एकत्र बांधायची, आणि मधल्या पाच जोडांत बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे खोचून पोट फुगवायचं. कामट्या सोलताना गाठ कुठे येते हे बघून आजोबा त्या फिरवतात. ते का, हे विचारा आणि उत्तर टिपून घ्या. वृद्ध हातांना सुरी चालवू द्यायची की नाही, हे घरच्यांनी ठरवावं. तुम्ही सोला आणि ते सांगतील, तरी पुरे आहे.

जुने फोटो

फोटो अल्बममधून खेचून काढू नका. चिकटलेले असतील तर दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून हलक्या हाताने सरकवत न्या. तरी निघत नसेल तर अल्बमच्या पानासकट स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केले की मोठे करून छापता येतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन अगदी समांतर धरून काढा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

फोटो दाखवताना "हे कोण?" एवढंच विचारू नका. "हा फोटो कोणी काढला? याच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं?" असं विचारा. लाल लुगड्यातल्या बायकांची रांग दिसते, पण त्यातली एक बाजूला का बघतेय हे फक्त आजीलाच माहीत असतं.

आजी-आजोबा दूर असतील किंवा नसतील तर

परदेशात असाल तर व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडे एकाच वेळी पीठ मळा. तिकडे कुणीतरी फोन धरायला हवा, आणि रेकॉर्डिंग तिकडच्या फोनवर करा. कॉलवरचा आवाज तुटतो.

ते गेले असतील तर वाट बंद झाली असं समजू नका. आजीची धाकटी बहीण, शेजारच्या मावशी, आजोबांच्या बँडमधले साथीदार, चर्चच्या गायनवृंदातले जुने लोक यांच्याकडे जा. नाताळ हा एका घरात मावणारा सण कधीच नव्हता. गोव्यात कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट आणि वसईत फराळाची बशी शेजारी जायची, हिंदू घरांतही जायची आणि तिकडून दिवाळीचं ताट आलेलं असायचं. त्या शेजारघरांतही तुमच्या आजीच्या नेवऱ्यांची चव आठवणारी माणसं असतात. त्यांना विचारताना थोडा फराळ घेऊन जा.

गोळा झालेलं कुठे ठेवायचं

प्रत्येक फाइलला साल, माणूस आणि विषय असं नाव द्या, उदाहरणार्थ "२०२५-आजी-फुगे". तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन साठवणीत किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले तर बारकावे जातात.

वाटणीसाठी ६ जानेवारी, तीन राजांचा सण, हा चांगला दिवस आहे. तोवर पाहुणे पांगलेले असतात आणि गोठा आवरायचा असतो. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळताना प्रत्येकीचा फोटो घ्या आणि खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा: कुठली मूर्ती कोणी, कुठून, कुठल्या साली आणली, आणि मेंढराचा पाय कोणाच्या हातून मोडला. आजी-आजोबांचं बोलणं छापून, मोठ्या अक्षरात, त्यांनाही एक प्रत द्या. ते वाचून काही दुरुस्त्या सांगतील, काही नवीनही आठवेल. ते वहीत टाका आणि पुढच्या नोव्हेंबरात पहिला प्रश्न तिथूनच विचारा.